माणसे किती, दिवस किती?

मृग नक्षत्र लागायला पंधरा दिवस उरले की धारणीच्या बाजारपेठेत एक वेगळी लगबग सुरू होते. मेळघाटातील ओढे-नाले एकदा भरून वाहू लागले, की आतल्या कोरकू वस्त्यांचे रस्ते कधी दोन दिवस, तर कधी त्याहून अधिक काळ बंद पडतात. परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे येणारा माल घाटात अडकून राहतो. त्यामुळे मीठ, डाळ, तेल, गूळ, साबण, आगपेट्या यांची खरेदी पावसाच्या आधीच उरकावी लागते. अशा वेळी गल्ल्यावर बसलेला जुना दुकानदार गिऱ्हाइकाची यादी हाती घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो : "घरात माणसे किती आणि दिवस किती काढायचे?"

उत्तर मिळाले की त्याचा गुणाकार तोंडी होतो. माणशी डाळ किती, मीठ किती, गूळ किती, हे त्याला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक असते. यादीत एखादी वस्तू राहिली असेल तर तो आठवण करून देतो. एखादी जास्त असेल तर स्वतःचे नुकसान सोसून म्हणतो, "एवढे तेल नेऊ नका, दमट हवेत खवट होईल." साठा करणे आणि साठवत सुटणे यांतील अंतर त्याला कळते. पावसाने वेढलेले गाव चार दिवसांचे बेट होते, आणि बेटावर उधारी चालत नाही.

धारणीपासून समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही हे गाव समुद्राला अगदीच परके नाही. सिपना आणि गडगा या मेळघाटातील नद्यांचे पाणी तापीला मिळते, आणि तापी बुऱ्हाणपूर, भुसावळ करीत सुरतेजवळ अरबी समुद्रात विसावते. सतराव्या शतकात त्याच सुरतेत वीरजी व्होरा या जैन श्रेष्ठीची पेढी होती. त्याच्या व्यवहाराचे जाळे बुऱ्हाणपूर आणि आग्ऱ्यापर्यंत पसरले होते. मिरी, प्रवाळ, कापड अशा मालाची मोजदाद करणारे ते हात आणि धारणीत मिठाच्या गोण्या मोजणारे हात एकाच परंपरेतले. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक तांडेलाला निघण्यापूर्वी स्वतःला हाच प्रश्न विचारावा लागे : माणसे किती आणि दिवस किती?

आज जगभर अशी अनेक कुटुंबे आहेत की ज्यांनी शिडाच्या नौकेलाच घर केले आहे. उष्ण कटिबंधातील बेटांमागून बेटे पाहत ती महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे समुद्रावर राहतात. चित्रांत दिसते ते निळे पाणी, माडांची रांग आणि पांढरी वाळू. चित्रात दिसत नाही ती त्या घराची दिनचर्या. ती समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या कारखान्यात बांधलेल्या दोन नौकांनी हे जीवन मराठी माणसाच्या दाराशी आणून ठेवले आहे.

त्यांतील पहिली 'म्हादेई'. एखाद्या भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे स्वप्न होते. ते पूर्ण केले कमांडर दिलीप दोंदे यांनी. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन असे चारच मुक्काम करून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. दुसरी नौका 'तारिणी'. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या नौदलातील सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून प्रस्थान ठेवले आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, त्या गोव्यालाच परतल्या.

दोन्ही नौकांची लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे ५६ फूट. आकडा मोठा वाटतो. परंतु नौका दोन्ही टोकांना निमुळती असते, आणि मधल्या जागेत शिडे, दोर, यंत्र, इंधन, पाणी, धान्य, औषधे व सुटे भाग ठेवल्यावर माणसांच्या वाट्याला जी जागा उरते ती एका मध्यम दुकानाच्या मागच्या खोलीएवढी. त्यात सहा जणींचा संसार. गोव्यापासून फ्रीमँटलपर्यंतचा पहिला टप्पाच त्रेचाळीस दिवसांच्या आसपास होता. त्या वर्षीची दिवाळी फ्रीमँटलला पोचण्याआधी, भर समुद्रातच आली.

अशा घरात पहिला हिशेब पाण्याचा. चहूकडे पाणी आणि पिण्याजोगा थेंब नाही, ही समुद्राची जुनीच गोष्ट. काटकसरीने राहणारी नौकेवरील माणसे पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला तीन ते चार लिटर गोडे पाणी धरतात. दोन माणसे, वीस दिवस आणि माणशी चार लिटर, म्हणजे १६० लिटर. वारा पडून प्रवास लांबला तर म्हणून त्यावर निम्मे आणखी. ग्रामीण घराला माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. त्या तुलनेत ही मात्रा किती लहान, हे सहज ध्यानात येते. आधुनिक नौकांवर खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र असते, पण जाणता माणूस त्याच्या भरवशावर टाकी रिकामी करीत नाही. यंत्र बंद पडू शकते. टाकीतले पाणी तेवढे आपले.

म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासली जातात आणि शेवटी गोड्या पाण्याच्या एका वाटीने विसळली जातात. आंघोळ खाऱ्या पाण्याने होते. अंगावर मीठ वाळू नये म्हणून अखेरीस एक तांब्या गोडे पाणी. काळे ढग दिसले की कापडी छत ताणले जाते, त्याच्या खोलगट भागाला नळी जोडली जाते. पहिल्या सरीने कापडावरचे मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मगच नळी टाकीत सोडायची. पाण्याला तुपासारखे जपावे, ही शिकवण जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. गळण्यातून गाळलेले पाणी सांडू नये म्हणून घागरीखाली भांडे ठेवणारी आजी अशा नौकेवर एका दिवसात रुळली असती.

ज्या बेटांच्या ओढीने ही माणसे जातात, त्या बेटांचीही कथा निराळी नाही. लक्षद्वीपची छत्तीस बेटे मिळून क्षेत्रफळ जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. त्यांतील दहा बेटांवर वस्ती. प्रवाळाच्या या सच्छिद्र भूमीत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ भिंगासारखे तरंगत राहते. विहिरीतून हळूहळू उपसले तर ते पुरते. पंप लावून घाईने उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते. यासाठीच २००५ मध्ये कवरत्ती बेटावर समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभारण्यात आला. तेथे पृष्ठभागावरील कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करतात आणि खोल समुद्रातून वर आणलेल्या थंड पाण्याच्या साहाय्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप करतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या बाजूला, ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे आहे, हे दुःख वऱ्हाडाला चांगले परिचयाचे आहे. समुद्र नसतानाही तेथे बेटाचाच नियम चालतो.

दुसरा हिशेब अन्नाचा. निघण्यापूर्वी आठवडाभर बायका-पुरुष मिळून सामान लावतात. पुठ्ठ्याची खोकी नौकेवर घेत नाहीत, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. धान्य धक्क्यावरच डब्यांत भरले जाते आणि खोकी तेथेच राहतात. आत आल्यावर मारत बसण्यापेक्षा येऊच न देणे, ही यतना सोयीचीही आहे. प्रत्येक डब्यावर नाव, तारीख आणि जागा लिहिली जाते व त्याची नोंद एका वहीत होते. कारण डोलणाऱ्या नौकेत दहा डबे काढून अकरावा शोधणे शक्य नसते. रोज लागणारे वर, आठवड्याने लागणारे खाली आणि अडीअडचणीचे सर्वांत तळाशी. कोणत्याही चांगल्या किराणा दुकानाची मांडणी याच तत्त्वावर असते.

समुद्रावर टिकणाऱ्या भाज्यांत बटाटे आणि कांदे यांचा मान मोठा. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या घराला तो आधार नाही. परंतु त्या घराजवळ त्याहून जुना आधार आहे. अखंड लाल भोपळा हवेशीर जागी महिनोन्‌महिने टिकतो. नारळ आणि लिंबेही बरेच दिवस राहतात. शिवाय वैशाखातील उन्हात तयार झालेले वाळवण : मुगवड्या, सांडगे, कुरड्या, पापड, वाळवलेली गवार, आंबोशी, सुकवलेली मेथी. खाकरा तर प्रवासासाठीच जन्मलेला. चातुर्मासात हिरव्या भाजीचा त्याग करणाऱ्या घरातील गृहिणी चार महिने केवळ कोरड्या जिनसांवर रोज नवा स्वयंपाक करून दाखवते. नौकेवर राहणाऱ्या बाईला हे कौशल्य पुस्तकांतून शिकावे लागते.

शिजवण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी असते. शेगडी दोन खुंट्यांवर टांगलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भांडे सपाट राहते. झाकण घट्ट बसणारा कुकर हे समुद्रावरील सर्वांत विश्वासू भांडे. तो उलटला तरी आतले वरण अंगावर येत नाही. रात्रीचे जेवण बहुतेक नौकांवर सूर्यास्तापूर्वीच आटोपते. विषुववृत्ताजवळ वर्षभर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. अंधारात चुलीशी उभे राहणे धोक्याचे असते, दिव्याला बॅटरी खर्च होते, आणि रात्रीचे पहारे सुरू होण्याआधी भांडीकुंडी जागच्या जागी गेलेली बरी. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जो नियम इतरांना कडक वाटतो, तो समुद्रावरील माणसांनी केवळ सोयीपोटी स्वीकारला आहे.

तिसरा हिशेब दिवसाचा. प्रत्येक नौकेवर एक नोंदवही असते. ठरावीक तासांनी तीत स्थान, दिशा, वेग, वाऱ्याचा जोर, हवेचा दाब, उरलेले पाणी आणि बॅटरीची स्थिती लिहिली जाते. व्यापाऱ्याच्या घरात या वहीला रोजमेळ म्हणतील. हवेच्या दाबाचा रकाना विशेष महत्त्वाचा. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा किंचित चढतो आणि दोनदा किंचित उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो अधिक असतो, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी. हा चढउतार इतका नियमित असतो की त्यात खंड पडला आणि दाब नेहमीपेक्षा तीन मिलिबारांनी खाली गेला, तर दूर कोठेतरी वादळ आकार घेत असल्याची शंका घ्यावी लागते. आभाळ त्या वेळी निरभ्रही असेल. पण ज्याने रोज नोंद ठेवली नाही, त्याला 'नेहमीपेक्षा' या शब्दाचा अर्थच कळणार नाही.

नोंदीबरोबर रोज एक फेरीही असते. नौकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक दोर, प्रत्येक खिळा, प्रत्येक शिवण पाहायची. समुद्रावर दोर जोराने ओढल्यामुळे तुटण्यापेक्षा एकाच जागी मंदपणे घासत राहिल्यामुळे अधिक तुटतात. रोज थोडेसे, दिसेल न दिसेल असे. घासलेली जागा पहिल्या दिवशी सापडली तर चिंधी गुंडाळून भागते. दहाव्या दिवशी सापडली तर दोर बदलावा लागतो. सापडलीच नाही तर मध्यरात्रीच्या सरीत शीड फाटते.

वाऱ्याचेही वेळापत्रक असते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस जे स्थिर वारे वाहतात त्यांना भूगोलाच्या पुस्तकात व्यापारी वारे म्हणतात. त्यांच्या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ व्यापाराशी नसून ठरलेल्या वाटेशी आहे. मात्र शिडांच्या काळात त्याच वाटेने व्यापार चालला. बेटांवर फिरणारी कुटुंबे या वाऱ्यांच्या पाठीवर पुढे सरकतात. आणि दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळांचे महिने आले की विषुववृत्ताच्या जवळ किंवा एखाद्या सुरक्षित बंदरात मुक्काम करतात. कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरही पूर्वी पावसाळ्यात गलबते वर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटीत. साधू-साध्वींचा वर्षावास त्याच ऋतूत येतो. चालण्याला जसा काळ असतो तसा थांबण्यालाही असतो, हे या देशाने पायवाटेवर आणि पाण्यावर सारखेच ओळखले.

बेट जवळ आल्यावर घाई अधिक घातक ठरते. प्रवाळाचे खडक पाण्याखाली हातभर खोल असले तरी तिरप्या उन्हात दिसत नाहीत. म्हणून सूर्य माथ्यावर किंवा पाठीशी असतानाच आत शिरायचे आणि एकाने नाळेवर उभे राहून पाण्याचा रंग वाचायचा. गडद निळे ते खोल, फिकट हिरवे ते वाळूचे, तपकिरी ते खडकाचे. संध्याकाळी पोचलेली नौका बेटाचे दिवे समोर दिसत असताना रात्रभर बाहेरच थांबते. वीस दिवसांच्या प्रवासानंतर किनारा समोर ठेवून आणखी एक रात्र डोलत काढणे सोपे नसते. आत गेल्यावर नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडतात, कारण नांगर धरून ठेवतो तो आपल्या वजनापेक्षा साखळीच्या आडव्या ओढीने. नव्या देशात पिवळा ध्वज चढवून अधिकाऱ्यांची वाट पाहतात, आणि कागद पुरे होईपर्यंत कोणी जमिनीवर पाऊल ठेवत नाही.

या सगळ्यांत अवघड असते ती रात्र. दोघेच असतील तर तीन-तीन तासांचे पहारे. एकटा असेल तर वीस-वीस मिनिटांची झोप, कारण क्षितिजावर दिसलेले मोठे जहाज तेवढ्या वेळात जवळ येऊ शकते. दोघांच्या नौकेवर जो झोपतो तो जागणाऱ्यावर आपला जीव सोपवून झोपतो. जागणाऱ्याने कंटाळून डोळे मिटले तर झोपलेल्याला ते कधी कळणारही नाही. पती-पत्नी, भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक यांचे नाते तेथे गोड शब्दांत नसते. ठरलेल्या मिनिटाला उठून "आता तुम्ही झोपा, मी पाहतो" असे म्हणण्यात असते. एका छताखाली व्यापार करणाऱ्या कुटुंबांना या वाक्याची किंमत सांगायला नको. ज्या घरात एकाने पाहायचे आणि इतरांनी निर्धास्त झोपायचे असे ठरलेले असते, तेथे पाहणाऱ्याने खरोखर पाहिले की नाही, यावरच सारे अवलंबून असते.

आणि तरीही हिशेब सगळे टाळत नाही. केरळचे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई'तूनच एकट्याने, वाटेत कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. त्यांच्याइतका तयारीचा माणूस विरळा. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, २१ सप्टेंबर रोजी, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने त्यांच्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी मोडली. पाठीच्या मणक्याला इजा होऊन ते अंथरुणाला खिळले. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलून घेतले आणि ॲम्स्टरडॅम नावाच्या एकाकी बेटावर नेले. त्याच शर्यतीच्या २०२२-२३ च्या पर्वात ते दुसऱ्या क्रमांकाने पोचले. सावधपणाने संकट येत नाही असे नाही; पण संकट आले तेव्हा नौकेचे स्थान जगाला ठाऊक होते, आणि हाक ऐकू जाण्याची सोय होती. तयारीचा एवढा भाग माणसाच्या हातचा असतो.

'तारिणी'च्या प्रवासातील सर्वांत शिकवून जाणारा प्रसंग वादळाचा नव्हे. १९ जानेवारी २०१८ रोजी त्या सहा जणींनी केप हॉर्न ओलांडले होते. प्रशांत महासागराचे थंड, रागीट पाणी मागे पडले होते. मार्चमध्ये केप टाउन सोडले तेव्हा ठरलेल्या मुक्कामांपैकी एकही उरला नव्हता. पुढचे बंदर थेट गोवा. सहा महिने होऊन गेले होते. घरची माणसे दिवस मोजत होती. आणि हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला.

गोवा अजून दोन हजारांहून अधिक सागरी मैल दूर होता. मध्ये विषुववृत्ताजवळचा तो पट्टा होता, जेथे वारा कधी दिवसचे दिवस पडतो आणि कधी काळ्या सरीबरोबर अचानक अंगावर येतो. जी नौका पृथ्वीचा बहुतेक वळसा पुरा करून आली, ती आणखी थोडे चालेल, असे म्हणणे कोणालाही शक्य होते. एप्रिलमध्ये 'तारिणी' मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात शिरली. हा मुक्काम ठरलेला नव्हता. दुरुस्ती झाली, आणि मगच नौका पुन्हा उत्तरेस वळली.

ज्या बंदरात ती थांबली, त्याच्या धक्क्याला मराठी माणसाचाही इतिहास आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले हजारो भारतीय मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. त्या मजुरांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात, आणि त्या दिवशी देशाला सार्वजनिक सुटी असते. उष्ण कटिबंधातील ते बेट कोणासाठी सहलीचे ठिकाण, कोणासाठी घामाची भूमी, तर एप्रिल २०१८ मध्ये सहा दमलेल्या स्त्रियांसाठी वेळीच सापडलेला आसरा झाले.

थांबण्याचा हा निर्णय बातम्यांत दोन ओळींचा होता. समुद्रावरील सर्वांत कठीण निर्णय तोच असतो. वादळात काय करायचे हे वादळच ठरवते. घर जवळ आलेले असताना, सगळे सुरळीत दिसत असताना, "आता थांबून दुरुस्त करू" असे म्हणायला स्वतःच्या उताविळीवर मात करावी लागते. ज्ञाताधर्मकथेतील माकंदीपुत्रांची कथा अनेक घरांत सांगितली जाते. चंपानगरीच्या जिनपालित आणि जिनरक्षित या भावांनी अकरा सागरी सफरी यशस्वी केल्या. घरात धनाला तोटा नव्हता. आईवडील बाराव्या सफरीला नको म्हणत असताना ते निघाले. जहाज फुटले आणि एका फळीच्या आधाराने ते रत्नद्वीपाच्या किनाऱ्याला लागले. अकरा वेळा यश आले, म्हणून बाराव्या वेळी पाहण्याची गरज नाही असे त्यांना वाटले. व्यापारातही पेढ्या बहुधा पहिल्या सफरीत बुडत नाहीत. बाराव्या सफरीत बुडतात. उधारी वाढत असते, एखादा दोर घासत असतो, वहीतला आकडा रोज थोडा खाली येत असतो, आणि दसरा-दिवाळीपर्यंत निभेल अशी आशा दुरुस्तीची वेळ पुढे ढकलत असते.

नौकेवरील जीवन पाहून आल्यावर एक गोष्ट मनात राहते. तेथे मोजणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. मोजलेले असते म्हणूनच घरातला प्रत्येक जण निश्चिंतपणे आपला वाटा घेऊ शकतो, आणि वाटेत भेटलेल्या दुसऱ्या नौकेला एक कॅन पाणी देताही येते. किती आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो नाहीसे होईल या भीतीने साठवत राहतो, किंवा कधीच संपणार नाही या भ्रमात उधळतो. परिग्रहाच्या परिमाणाचे व्रत गृहस्थासाठी सांगितले गेले ते याच मधल्या वाटेसाठी. अमुक इतके पुरे, हे आधी ठरवायचे आणि मग त्यात नीट राहायचे.

दसऱ्याच्या सुमारास मेळघाटात पाऊस ओसरतो. ओढ्यांचे पाणी उतरते, मोथ्या-चिखलाने भरलेले रस्ते वाळू लागतात आणि आतल्या गावांतील माणसे पुन्हा धारणीच्या बाजाराला येऊ लागतात. जूनमध्ये सामान नेलेले गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर पिशवी टेकवते. जुना दुकानदार वही उघडण्यापूर्वी एवढेच विचारतो, "पुरले का?"

"पुरले शेठजी. मीठ थोडे उरलेसुद्धा."

तेवढ्याने त्याचा जूनमधला गुणाकार बरोबर ठरतो, आणि तो नवी यादी हाती घेतो.